भाच्याचा तिसरा हक्क

येरमुरातला मासे धरता येत नाहीत. हे मी रागाने म्हणत नाही. म्हणजे रागानेच म्हणतोय, पण खोटं नाही. दर उन्हाळ्यात तो अल्माटीहून गाड्यांचा ताफा घेऊन इली नदीच्या मुखाशी येतो. सोबत पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र, पेला ठेवायला भोक असलेल्या खुर्च्या, डासांवरची नाना मलमं आणि माना डोलवायला शहरातले मित्र. टायरचा मोठा व्यापार आहे त्याचा. यंत्र त्याला मासे दाखवतं आणि मासे निघून जातात. यंदाचा सर्वांत मोठा मासासुद्धा होडीवाल्याने ओढून काढला. येरमुरातने तो फोटोपुरता कुशीत घेतला आणि शर्टाला वास लागला म्हणून तासभर कुरकुर केली.

तरी पहिला मान त्याचाच. आमच्या तळावर ज्याचा मासा मोठा, त्याच्यापुढे माशाचं डोकं ठेवतात आणि संध्याकाळच्या जेवणात पहिली गोष्ट तो सांगतो. हातात पेला घेऊन माणूस बोलत असला की मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. एवढी सोय असल्यावर थापा मारायला आणखी काय लागतं? मी त्या टेबलाशी बसून असे असे मासे ऐकलेत, की खरे असते तर नदीत पाण्याला जागा उरली नसती.

सापारबाय अता माझे सासरे. अता म्हणजे वडीलधारा, सगळे त्यांना तशीच हाक मारतात. येरमुरात त्यांच्या बहिणीचा मुलगा. आमच्यात भाच्याचा मामाच्या घरावर हक्क असतो. आयुष्यात तीनदा तो मामाकडची हवी ती वस्तू मागू शकतो आणि मामाने नाही म्हणायचं नाही. शहाणी पोरं एखादं शिंगरू मागतात, नाहीतर कुत्र्याचं पिल्लू. येरमुरातने आधी मामांची बंदूक मागितली, नंतर होडीचं इंजिन. बंदूक त्याच्या दिवाणखान्यात टांगलेली आहे आणि इंजिन गॅरेजात गंजतंय. अता तेव्हापासून वल्ही मारतात. तक्रार त्यांनी कधी केली नाही, त्यांच्या वाटची मीच करतो.

अतांची एकच गोष्ट होती, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातली. त्या उन्हाळ्यात माझ्या सासूने, बालसुलूने, सोम धरला होता. सोम म्हणजे आमच्या पाण्यातला मिशाळ राक्षस, अंगावर खवला नाही आणि तोंड पोत्याएवढं. दर वर्षी अता ती गोष्ट सांगायचे आणि सासूबाई चहाच्या उकळत्या सामोवारपाशी बसून त्यांच्या चुका काढायच्या. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. शेवटची काही वर्षं अंथरुणावरच होत्या.

यंदा अता येणार नाहीत असंच आम्ही धरून चाललो होतो. पण ते आपणहून मखमली टोपी घालून गाडीत येऊन बसले. वाटेत मला म्हणाले, “नातसुनांनी तिला अंथरुणावरच पाहिलंय. औषध पाजायची म्हातारी, एवढीच त्यांना ठाऊक. ती कोण होती ते त्यांना सांगायचंय मला. पुढच्या उन्हाळ्याचा भरवसा नाही.” मग सगळा रस्ता ते ओठांतल्या ओठांत गोष्ट घोळवत राहिले.

संध्याकाळी बोरूच्या बनाजवळ टेबलं मांडली. माशाचं सूप आलं, कणकेचे तळलेले बाउरसाक आले, डास तर आधीपासूनच होते. कोणी कधी बोलायचं ते तमादा ठरवतो, आणि तमादा होता झोमार्त, येरमुरातच्या दुकानातला कारकून. त्याने मालकाच्या पुढ्यात माशाचं डोकं ठेवलं, पेला भरला आणि लाडात येऊन म्हणाला, की ती सोमची गोष्ट होऊन जाऊ दे, पाहुणे खास त्यासाठीच आलेत.

येरमुरातने एकदा मामांकडे पाहिलं. मला वाटलं, लाज वाटेल. पण शहरात ती गोष्ट इतक्यांदा सांगून झाली असणार, की आता मागे फिरायची सोय राहिली नव्हती. त्याने घसा खाकरला आणि सुरू झाला. तो एकटा होडीत. सोमने होडी बोरूत ओढत नेली. त्याने पाण्यात उडी घेतली, दंडापर्यंत हात माशाच्या जबड्यात घातला आणि कल्ल्यांतून बोटं बाहेर काढून त्याला धरून ठेवलं. पुरावा म्हणून बाही वर करून दंडावरचा डाग दाखवला. पाहुण्यांच्या बायकांनी तो डाग बोट लावून पाहिला. शब्द न् शब्द अतांचा होता, फक्त त्यातली बालसुलू खरवडून काढलेली होती.

अतांनी हातातली वाटी खाली ठेवली. मी जावई. सासरच्या पंगतीत जावयाने गप्प बसून खायचं असतं, आणि जीभ चावून चावून माझी भूक गेली. शेवटी माझी बायको मार्झान हळूच म्हणाली, “दादा, ती आई होती.”

“होती ना,” येरमुरात पाहुण्यांकडे बघून हसला. “सूप तिनेच केलं होतं. असं सूप पुन्हा नाही व्हायचं.”

पाहुण्यांनी बालसुलूच्या सुपासाठी पेले उचलले. नातसुनांनीही उचलले. म्हातारी सूप चांगलं करायची, एवढं त्यांच्या पदरात पडलं. अतांनी बोलायला म्हणून हात वर केला, तर झोमार्त तुपात घोळलेल्या आवाजात म्हणाला की अता, तुमचा मान सगळ्यांत मोठा, तुम्ही शेवटी आशीर्वाद द्यायचा. मानाच्या नावाखाली म्हाताऱ्याला गप्प कसं बसवावं, हे शहरातल्या लोकांकडून शिकावं. मग एकेक पाहुणा उठला आणि आपापला मासा वाढवत गेला. अता काही न खाता बसून राहिले.

चहा झाला. लोक घड्याळं बघायला लागले. अतांनी दोन्ही तळवे वर केले, तशी सगळ्या पंगतीने हात पसरले. आशीर्वाद संपेपर्यंत हात खाली घ्यायचे नाहीत, कोपरं टेकवायची नाहीत आणि मध्ये बोलायचं तर मुळीच नाही. पेला धरलेल्या माणसाला एखादा टोकेलही, पण आशीर्वाद देणाऱ्याला कुणी अडवत नाही.

“अल्ला, या पंगतीची भरभराट कर,” अता म्हणाले. “होडीवाल्याला उदंड आयुष्य दे, मासा त्याने धरला. माझ्या भाच्याला सुखात ठेव. चालायला लागला तेव्हा तो आमच्या सामोवारवर पडला. दंड भाजला. बालसुलूने लोणी लावलं आणि दिवसभर त्याला कडेवर घेऊन फिरली. तिला त्याचं फळ दे.”

पाहुण्यांच्या नजरा त्या दंडाकडे गेल्या. बाही अजून वरच होती, आणि खाली करायला हात मोकळा नव्हता.

“आणि तिने सोम धरला त्याचंही दे,” अता पुढे म्हणाले, आणि त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. बालसुलू लाकडी पळीने पाण्यावर टपटप वाजवत होती, सोम त्या आवाजाला वर येतो म्हणून. सोमने ओढ दिली, गळाची दोरी अतांच्या मनगटाला गुंडाळली गेली आणि ते पाण्याखाली गेले. बालसुलूला पोहता येत नव्हतं. तिने डावीकडून उडी मारली, छातीभर पाण्यात चिखलात पाय रोवले आणि जबड्यात हात घातला. मासा थकेपर्यंत सोडला नाही. पळी तेवढी वाहून गेली. पळी तिच्या सासूची होती. एवढा मासा घेऊन ती दाराबाहेर रडत उभी राहिली, आत जायची हिंमत होईना. “त्या पळीवरून मरेपर्यंत मला बोलत होती,” अता म्हणाले. “ते बोलणं तिला माफ कर. मला ते आता मिळत नाही.”

नातसुना हात पसरूनच रडत होत्या. मार्झानचं नाव काढायलाच नको. टायरवाल्याच्या पाहुण्यांचे हात लटपटायला लागले होते. रोज गाडीचं दार दुसऱ्याने उघडायचं, मग दंडात जोर येणार कुठून? येरमुरातच्या कपाळावर डास बसला होता आणि त्याला तो हाकलता येत नव्हता. मला त्या डासाचा फार आधार वाटला.

“भाच्याचा हक्क तीनदा,” अता शेवटी म्हणाले. “बंदूक दिली. इंजिन दिलं. आज त्याने सोम नेला. तोही दिला, हक्क पुरा झाला. पण बालसुलू मी त्याला दिलेली नाही. आमीन.”

“आमीन,” सगळी पंगत म्हणाली. म्हणावंच लागतं. येरमुरातही म्हणाला, आणि तोंडावरून फिरवायचे तळवे त्याने बराच वेळ तोंडावरच ठेवले.

यावर एखादा माणूस सुधारला असता. बर्फ पडायच्या आधी गाडीचे टायर बदलायला मी अल्माटीला त्याच्या दुकानात गेलो, तर हा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना सोमची गोष्ट सांगत होता. मला पाहून थांबला नाही, उलट आवाज चढवला. आता गोष्टीत बालसुलू होती. मामी अशी, मामी तशी. आणि होडीत वल्ही धरून कोण बसलं होतं? येरमुरात. जो त्या उन्हाळ्यात जन्मलाही नव्हता.

गावी आलो तो असाच संतापात अतांकडे गेलो. ते अंगणात बसून गळाची दोरी सोडवत होते. मी सगळं सांगितलं, वर माझ्या पदरच्या दोन शिव्याही घातल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पळीचं सांगितलं त्याने?”

“सांगितलं. दाराबाहेर रडत उभी राहिली, तेही सांगितलं.”

“उडी कुठून मारली?”

“डावीकडून.”

अतांनी मान हलवली आणि पुन्हा दोरीची गाठ हातात घेतली.

“मग बसू दे त्याला होडीत,” ते म्हणाले. “आम्ही दोघं पाण्यात होतो, तेव्हा ती रिकामीच होती.”