शेवटचा आकडा

कानाच्या दवाखान्यात कुणाच्या तपासणीत सहा आकडे निघत, कुणाच्या अकरा. डेटाबेसमधल्या माहिती साठवायच्या तयार प्रकारांत ते नीट बसेनात, म्हणून प्रोग्रामरने बाह्या सरसावून स्वतःचाच एक प्रकार घडवला. लागेल तेवढा लांब होणारा! प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला तिची लांबी लिहायची, की डेटाबेस तेवढंच वाचणार. पडद्यावर पहिले दोन आकडे बरोबर दिसले आणि स्वारीने स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पुढे प्रत्येक नोंदीतला शेवटचा आकडा गायब होऊ लागला. दोष अर्थात आकडे भरणाऱ्या ताईंवर आला. त्या बिचाऱ्या चार महिने बोलणी खात होत्या. "ताई, लक्ष कुठं असतं तुमचं?" असं डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, तेव्हा हा पठ्ठ्याही मान डोलावत होता. शेवटी ताईंची रवानगी जुन्या फायलींच्या खोलीत झाली.

त्यांच्या जागी आलेल्या मुलीच्या पहिल्याच दिवशीच्या नोंदींतही शेवटचा आकडा नव्हता. प्रोग्रामरने कोड उघडला आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. लांबी लिहायला जी जागा लागते, तीही लांबीत धरायची असते. ती त्याने धरलीच नव्हती. बरोबर एका आकड्याची जागा, म्हणून डेटाबेस दरवेळी एक आकडा आधीच थांबत होता!

दहा मिनिटांत त्याने चूक गुपचूप दुरुस्त केली. "बघा, नव्या मुलीचं काम कसं चोख आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी त्याने तोंड उघडलं नाही. असे तीन आठवडे गेले.

अखेर त्याला राहवेना. तो फायलींच्या खोलीत गेला आणि त्याने ताईंना सगळं सांगून टाकलं.

ताई हसल्या. "अरे, माझी समजूत घालायला एवढं खोटं कशाला बोलतोस? विसरतेच मी हल्ली. गॅस बंद केला का, ते तीनतीनदा बघते."

"ताई, शपथ घेऊन सांगतो, चूक माझीच होती!"

"भला आहेस रे तू. लेकीलाही सांगून टाकलंय, नातवाला आता माझ्याकडे एकट्याला ठेवू नकोस. न जाणो, कुठं विसरून आले तर?"

त्याला रडू फुटायचं बाकी राहिलं. त्याने स्टूल ओढलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. लहान मुलाचं ऐकावं तशा ताई ऐकत राहिल्या.