पुलावर घातलेला बर्फ

मी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या एका छोट्या नदीवरचा लाकडी पूल बोलतोय. मला भिंती आहेत, वर छप्पर आहे, त्यामुळे परका माणूस मला गोठा समजतो. समजेना का! तुळया कुजू नयेत म्हणून गावच्या सुतारांनी मला मायेनं झाकलंय.

पण हिवाळ्यात या छपरापायी मोठी गंमत व्हायची. रस्ताभर बर्फ आणि माझ्या पोटात कोरड्या फळ्या! बर्फावरच्या बिनचाकी घोडागाड्या आत शिरल्या की अडून बसायच्या. म्हणून गावानं एक माणूसच नेमला होता. तो फावड्यानं बाहेरचा बर्फ आणून आत पसरायचा. सगळं जग बर्फ काढतं, आमचं गाव घालायचं!

मोटारी आल्या आणि ते बंद पडलं. मग यंदा टूम निघाली, हा पूल पाडा, सिमेंटचा बांधा. मार्चमधल्या गावसभेत निकाल लागणार होता. खरं सांगतो, माझं धाबं दणाणलं.

सभेच्या सकाळी दणकून बर्फ पडलेला. म्हाताऱ्या युनीस पीसलीबाई हट्टानं जुन्या बिनचाकी गाडीला घोडा जुंपून निघाल्या. मांडीवर सभेच्या जेवणासाठी गोड घेवड्याचं भांडं. माझ्या तोंडाशी येऊन गाडी करकरत थांबली. रस्त्यांचं काम बघणाऱ्या ऑरिननं मला आतून लख्ख झाडून ठेवलं होतं! सिमेंटच्या पुलाचं खूळही त्याचंच. झाडू घेऊन तो तिथंच उभा होता.

“पुलाला झाडू मारतात होय रे, ऑरिन? इथं बर्फ घालणाऱ्या तुझ्या आजोबानं सोलून काढलं असतं तुला!”

“मावशी, माणसासारखं मोटारीनं यायचं ना!”

“मोटारीनं कुणीही येतं. घे फावडं!”

ऑरिन पुटपुटत कामाला लागला. मागे मोटारींची रांग लागली. आधी भोंगे वाजले, मग शिव्या, मग एकेक जण फावडं घेऊन खाली उतरला. माझ्या पोटात नुसता हशा! किती वर्षांनी अंगाला तो गारवा लागला, काय सांगू. घोडागाडी सुळकन पार झाली तेव्हा सगळ्यांनी टोप्या उडवल्या.

पलीकडेच सभागृह. इथं मतं ओरडूनच देतात. दुपारी बंद खिडक्यांतून ‘हो’चा एकच गलका ऐकू आला. कशाला होकार दिला, कळेना. माझा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात कंबर धरून ऑरिन बाहेर आला आणि घोडा बघायला आलेल्या पीसलीबाईंना म्हणाला, “राहिला तुमचा पूल, मावशी! डागडुजी करायची ठरलं.”

“आणि तू रे?”

“मीच सगळ्यात मोठ्यानं ओरडलो. एवढी पाठ मोडून बर्फ घातला, आता पाडू देतो काय!”

आता माझ्या अंगात नव्या तुळया बसतायत. हिवाळ्यात इकडे आलात तर मोटार हळू चालवा आणि येताना फावडं आणा. ऑरिन एकटा किती पुरणार?