अकरावी शर्यत

दुकानात त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत, पण फोनच्या पडद्यावर ते मास्तर होते. शहराची मॅरेथॉन थेट दिसायची आणि शे-दोनशे रिकामटेकडी माणसं तिच्याखाली शेरे लिहून आपापली अक्कल पाजळत बसायची. त्यांच्यात मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कोण उगाच घाई करतोय, कोणाचा दम पुलावर सुटणार, हे ते आधी लिहीत आणि बहुतेक वेळा तसंच होई. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी विचारलं, 'मास्तर, तुम्ही स्वतः किती धावलात?' उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यांनी लिहून टाकलं, 'बारा.'

खरं तर मास्तर बस पकडायलासुद्धा कधी धावले नव्हते. लहानपणच्या आजारात डावा पाय आखूड राहिला होता आणि त्या पायाच्या बुटाला चार बोटं जाड तळ लावून घ्यावा लागे. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. दुकानावरच्या दोन खोल्या त्यांना सुट्टीच्या दिवशी खायला उठत. मग पुस्तकं वाचून, शर्यती बघून त्यांनी धावण्याचं सगळं शास्त्र पाठ केलं. उंटावरून शेळ्या हाकणंच ते, पण शेळ्या नीट चालत होत्या.

त्यातलीच एक लिंबू. फोटोच्या जागी लिंबाचं चित्र, म्हणून सगळे तिला लिंबू म्हणत. शाळेच्या कार्यालयात कारकून, धावण्याचा गंध नसलेली. मास्तरांनी तिला लिहून लिहून तयार केली. मध्ये तिचा धीर सुटला, तेव्हा त्यांनी आपल्या अकराव्या शर्यतीची गोष्ट सांगितली. गुडघा भोपळ्याएवढा सुजला, लोक म्हणाले थांब, पण गडी पोचलाच! ती गोष्ट सगळ्यांना इतकी आवडली, की पुढे पुढे खुद्द मास्तरांनाही ती खरी वाटू लागली.

आज लिंबू पहिल्यांदाच धावत होती. तिचा मोठा भाऊ सायकलवरून पुढे पुढे जाऊन तिची खबर लिहीत होता. शर्यत आपल्याच खिडकीखालून जाते हे मास्तरांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. सगळ्यांना ते दुसऱ्याच शहरातले वाटत.

चौतीस किलोमीटर झाले आणि भावाने लिहिलं, 'मास्तर, गुडघा गेलाय बहुतेक. औषधांच्या दुकानासमोर उभी आहे. काय करायचं?'

औषधांचं दुकान समोरच होतं. मास्तरांनी पडदा सारला. पिवळ्या टी-शर्टमधली एक बाई खांब धरून उभी होती. तिने एक पाऊल टाकून बघितलं, तर गुडघा आत वळला.

'थांबव तिला. ताबडतोब,' त्यांनी लिहिलं.

'ऐकत नाहीये. म्हणते, मास्तर अकराव्या वेळी थांबले होते का?'

मास्तरांनी लिहिलं, 'ती गोष्ट खोटी आहे. मी कधीच धावलो नाही.'

फोनवर हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. 'केवढा हा विनय!' 'तिला थांबवायला काय काय करतायत बघा!' आणि मग भाऊ, 'म्हणते, मास्तर माझी परीक्षा बघतायत. निघाली.'

मास्तर फोनकडे बघत बसले. सगळ्या जगात त्यांना हाक मारणारी एवढीच माणसं होती. खाली गेलं की तीही संपणार. त्यांना भीती वाटली, अगदी लहान मुलासारखी. तरीही ते उठले आणि कठडा धरून एकेक पायरी उतरले.

ती पंधरा-वीस पावलं लंगडत गेली होती.

"लिंबू!" ते ओरडले.

ती वळली. भावाने सायकल थांबवली. रस्त्यावर तिला या नावाने कोण ओळखणार?

"मास्तर?"

"हो. थांब, बाई."

तिने त्यांचं येणं बघितलं. मग तो बूट बघितला. बराच वेळ बघितला.

"बारा?" तिने विचारलं.

"एकही नाही."

"आणि ती अकरावी?"

"तीसुद्धा नाही. पाया पडतो तुझ्या, पण आता पाऊल टाकू नकोस."

ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली आणि रडू लागली. भाऊ मदतीची गाडी बोलवायला फोन लावत होता.

"रोज पहाटे साडेपाचला विचारायचात, उठलीस का म्हणून," ती डोळे पुसत म्हणाली. "तेव्हा तुम्ही तरी उठलेले असायचात की तीही थापच?"

"उठायचो गं. पाच वाजल्यापासून वाट बघायचो. दिवसभरात दुसऱ्या कोणाला काही विचारायचं नसायचं."

गाडी आली, पण कोपऱ्यावरच थांबली. भावाने तिला उठवलं, पण एकट्याचा आधार पुरेना. तेव्हा तिने मास्तरांकडे न बघताच दुसरा हात त्यांच्या खांद्यावर टाकला आणि सगळा भार दिला. तिघं तसेच हळूहळू गाडीपर्यंत गेले.

दार लागलं. तिने काच खाली केली नाही. गाडी गेल्यावरही मास्तर तिथेच उभे राहिले. आपल्या खांद्यावर याआधी माणसाचा हात कधी पडला होता, ते त्यांना काही केल्या आठवेना.