छापखान्याची चाल

आमच्या यांना वाद्यवृंदात सगळे 'छापखाना' म्हणायचे. संगीतकाराने खरडलेली पानं समोर ठेवून प्रत्येक वादकासाठी वेगळी, स्वच्छ प्रत काढायची, हे यांचं काम. अक्षर असं की छापलेलं वाटावं. सगळा जन्म दुसऱ्यांचे स्वर उतरवण्यात गेला आणि पानाच्या माथ्यावर नाव कायम दुसऱ्याचंच. निवृत्त होता होता मात्र यांना स्वतःची एक चाल सुचली. एकच. ती कागदावर यावी आणि वर आपलं नाव असावं, एवढीच काय ती हौस.

तेवढ्यात हात कापायला लागला. मागोमाग डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, हळूहळू सगळंच जाईल.

"अहो, वेडंवाकडं का होईना, लिहून टाका," मी मागे लागले.

"आणि कोंबडीचे पाय काढू? मी?" एकदा बसले लिहायला, पण पान टराटरा फाडून टाकलं.

"मग गुणगुणून तरी दाखवा. फोनवर घेते."

यावर तर दोन दिवस अबोला. नकलनवीसांचा जुना दंडक म्हणे, न लिहिलेली चाल ओठांवर आणायची नाही. एकदा आली की कानावरून गेलेल्या दहा चाली तिच्यात मिसळतात. इतका संसार केला या माणसाबरोबर, पण ती चाल काही मला ऐकायला मिळाली नाही.

मग लॅपटॉपचं निघालं. स्वर लिहायचं सॉफ्टवेअर असतं, कळ दाबली की छापल्यासारखा स्वर उमटतो, हे कळल्यावर हे हरखले. मला वाटलं, सुटलो. कसलं काय! हा माणूस शाईची बाटलीसुद्धा उजेडात धरून घेणारा. एका लॅपटॉपचा पडदा लहान, अख्खं पान दिसत नाही. दुसऱ्याला उजवीकडे आकड्यांच्या कळा नाहीत, आणि स्वर किती लांबवायचा हे यांना त्याच कळांनी सांगायचं होतं. तिसऱ्याची मेमरी कमी, सगळी वाद्यं एकदम वाजली की धाप लागते. चौथा सगळ्यात बरा, तर त्याला कान लावून म्हणाले, "पंखा घोंघावतोय."

दुकानातला विक्रेता बिचारा गुणी. दर खेपेला प्रत्येक लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर उघडायचा आणि त्यातली नमुन्याची तीच धून लावायचा. "काका, हा आवाज बघा. आता हा." गोड होती मेली. घरी भांडी घासताना माझ्याही डोक्यात घोळायची.

"काका, घ्या आता एखादा. तुमचं ठरेपर्यंत ही सगळी मॉडेलं जुनी होतील."

"आयुष्यात एकदाच लिहायचंय. घाई करून कसं चालेल?"

अशी दुकानाची वारी चालूच राहिली. एकदा तिथे पोचल्यावर यांनी मला हळूच विचारलं, "आपण इथं कशाला आलोय?" माझं धाबं दणाणलं. त्याच दिवशी मी हट्टाने तो चौथा लॅपटॉप बांधून घेतला. घोंघावू दे पंखा.

घरी खिडकीजवळ टेबल मांडलं. कापणारं बोट एकेक कळ शोधायचं. चुकलं तर पुसायचं, पान तसंच स्वच्छ. आवाज बंद ठेवून लिहायचे. चेहऱ्यावर तो जुना, कामातला शांतपणा आलेला. खरं सांगते, त्या दिवसांत मला फार बरं वाटत होतं. वाटलं, आजाराच्या हातावर तुरी दिल्या आपण.

एका दुपारी हाक आली. "अगं, ये. झाली पुरी. ऐक."

पडद्यावर पान. देखणं, कुठे डाग नाही. माथ्यावर, उजवीकडे, यांचं नाव. यांनी आवाज वाढवला आणि कळ दाबली.

पहिल्या काही स्वरांतच मी ओळखलं. दुकानातली धून. नमुन्याची. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, जशीच्या तशी.

"कशी आहे?"

"छान आहे."

"डोक्यात होती तशीच उतरली बघ. एक स्वर इकडचा तिकडे नाही." डोळे भरून आले होते यांचे. माझेही आले, आणि ते यांना बरोबरच वाटलं.

खरी चाल कशी होती, ते आता जगात कुणालाच माहीत नाही. यांनाही नाही. दंडक पाळला, पण ओठ बंद ठेवले तरी कान कुठे बंद होते?

हे पुन्हा खुर्चीत सरसावून बसले, बाह्या वर केल्या.

"आता वाद्यवृंदातल्या सगळ्यांसाठी प्रती काढतो," म्हणाले. "उद्या नेऊन देऊ."

"काढा," मी म्हटलं. "तुमच्यासारख्या प्रती कुणाला जमतात?"