सहाव्या जागची तार

वायरच्या टोकाला असतं ते पारदर्शक प्लास्टिक करंगळीच्या नखापेक्षा थोडं मोठं असतं. त्यात आठ तारा शेजारी शेजारी बसतात. दोन तारांमधलं अंतर जेमतेम एक मिलिमीटर. मी ते टोक खिडकीच्या उजेडात धरलं आणि डावीकडून मोजत गेले. सहाव्या जागी निळी तार होती. तिथे हिरवी हवी. रविवारी मी स्वतः दोन्ही टोकांना तिथे हिरवी बसवली होती. आज बुधवार.

म्हणजे सकाळी मी भाजी आणायला गेले तेव्हा बाबांनी पुन्हा दोन्ही टोकं कापली होती.

आमच्या घरात इंटरनेटचं कनेक्शन एकच. त्याची डबी खाली, बैठकीच्या खोलीत. तिथून तीन वायरी निघतात: एक दादाच्या संगणकाला, एक वहिनीच्या, आणि तिसरी जिन्याच्या कडेने वर चढून, गच्चीला वळसा घालून माझ्या खोलीत. पहिल्या दोन तीन-तीन मीटरच्या. माझी चाळीस मीटरची. तिन्ही बाबांनीच ओढल्या. ते टेलिफोनचे लाइनमन होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी पक्कड उशाशी असते.

टेलिफोनच्या कामात जोडीतल्या दोन तारा शेजारीच बसवतात. नारिंगीशेजारी नारिंगी, हिरवीशेजारी हिरवी. या वायरीत मात्र हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी बसवावी लागते. तिसऱ्या आणि सहाव्या जागच्या तारा एकमेकींना पिळलेल्या असल्या तरच बाहेरची गडबड आपसांत फिटते. नसल्या तर शेजारणीचं बोलणं त्यांच्यात शिरतं. तीन मीटरमध्ये ते जाणवत नाही. चाळीस मीटरमध्ये माणसाचा चेहरा गोठतो आणि आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो.

हे मी बाबांना चित्र काढून दाखवलं होतं.

"जोडी फोडायची?" ते म्हणाले. "माझ्या हाताखालच्या माणसाने हे केलं असतं तर त्याला मी खांबावरून उतरूच दिलं नसतं."

"ही फोनची वायर नाही, बाबा."

"तांबं तेच ना?"

मग त्यांनी तपासायची डबी लावली. एक ते आठ, सगळे हिरवे दिवे क्रमाने लागले. ती डबी एवढंच सांगते की तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचली. कोणती कोणाला पिळलेली आहे, ते तिला कळत नाही.

"बघ. एकही मागेपुढे नाही. सगळ्यांचं चालतं, तुझंच बरं चालत नाही!"

"ताईंच्या खोलीचेच ग्रह वाकडे आहेत," वहिनी आतून म्हणाली.

मी बाजारातून दोन्ही टोकं बसवलेली तयार वायर आणली. बाबांनी भिंग लावून ती पाहिली, "कारखान्यातही हल्ली कोणालाही भरती करतात," म्हणाले आणि दोन्ही टोकं कापून आपल्या रीतीने बसवली. मी टोकांना चिकटपट्टी गुंडाळली. त्यांनी ती सोडवून, नीट घडी करून माझ्या टेबलावर ठेवली. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "राहू दे ना गं. दुसरं काय आहे त्यांना? वेळ जातो त्यांचा."

माझं काम पाण्याच्या नमुन्यांची मोजमापं तपासण्याचं. रोज अकराला आमच्या मुख्य बाई संगणकावर येतात आणि शंकेचे आकडे आम्ही दोघी मिळून नक्की करतो. कार्यालयाच्या संगणकाला वायरच लावायची, असा नियम आहे. चार महिन्यांत बोलणं एकोणीस वेळा तुटलं. मुख्य बाईंनी सांगितलं होतं, इथल्या कचेरीत तुमचं टेबल रिकामं ठेवलंय, या. कचेरी आठ तासांवर. मी दर महिन्याला म्हणत होते, थोडं थांबा.

सोमवारी आणि मंगळवारी, हिरवी तार जागेवर असताना, एक शब्दही गळला नाही. म्हणून आज मी शांतपणे सांगणार होते की घरची अडचण मिटली, मी इथूनच काम करते. "बाई, घरची अडचण..." एवढं बोलले आणि त्यांचा चेहरा गोठला. तोंड अर्धवट उघडं.

पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या. "हे बघा, टेबल मी आणखी धरून नाही ठेवू शकत. आणि असंही चालवू शकत नाही. संध्याकाळपर्यंत सांगा."

मी वायर काढली, टोक पाहिलं आणि खाली आले.

बाबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले होते. मांडीवर भिंग, पक्कड, रंगीत तारांचे कपटे. डाव्या अंगठ्याला पट्टी.

"हाताला काय झालं?"

"पातं लागलं जरासं. तासभर गेला बघ. हल्ली हिरवा नि निळा उन्हात नेल्याशिवाय ओळखू येत नाही." मग अगदी खुशीत म्हणाले, "कोणीतरी पुन्हा जोडी फोडली होती. पण आता काळजी नको. कसं चालतंय?"

मला रागवायचं होतं. जिन्यावरून उतरताना चार वाक्यं तयारही होती. पण माझ्या कामासाठी ज्याने बोट कापून घेतलं होतं, त्या माणसाला ती कशी बोलणार? नवीन टोक बसवलं असतं तर आठवड्याभरात तेही कापलं गेलं असतं. खोलीला कुलूप लावलं असतं, तर ते कुलपापाशी बसून राहिले असते.

"अगं, विचारतोय मी. चालतंय ना?"

दादाच्या खोलीतून कसलासा व्हिडिओ न अडखळता ऐकू येत होता. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

"बाबा, मी तिकडे जातेय. कचेरीच्या गावी, राहायला. एक तारखेला."