पाहुणे आले की लपणारी उशी

मी उशी बोलतेय. पण डोक्याखालची नाही. माझ्यावर आजवर कुणी झोपलेलं नाही. मी वीतभर लांब, बगलेत मावेल एवढीच. छातीचं ऑपरेशन झालेल्या बाईचा हात जखमेला घासू नये, टाक्यांवर ओढ बसू नये, म्हणून मला शिवलं.

माझा कापूस हिमायतनगरकडचा, मला शिवणाऱ्या समीक्षाच्या वडिलांच्या शेतातला. कापड तिच्या आईच्या पांढऱ्या साडीचं. ती साडी आई बुद्धपौर्णिमेला नेसायची. घरातलं सगळ्यात मानाचं कापड ते. आई गेल्यावर समीक्षाने जपून ठेवलं होतं. पण मैत्रिणीचं, आरतीचं, ऑपरेशन ठरलं आणि तिने त्याच साडीला कात्री लावली. आरती आणि ती लातूरच्या हॉस्टेलात एका खोलीत राहिलेल्या. समीक्षा आता नांदेडला कॉलेजात शिकवते. शिवणकाम तिला येत नाही. त्यामुळे माझी एक बाजू फुगलेली, दुसरी चपटी.

लातूरच्या दवाखान्यात मला आरतीच्या डाव्या बगलेत ठेवलं. तिथून तिचं काळीज मला अगदी जवळून ऐकू यायचं. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी बोलावलं, तेव्हा तिचा नवरा श्रीमंत आणि दीर सुदर्शन आत गेले. आरती बाहेर बाकड्यावर. ज्यांना काही झालं नव्हतं ते आत, आणि जिची छाती कापली ती बाहेर! कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. दोघं बाहेर आले. श्रीमंत म्हणाला, "समदं ठीक हाय. चला." पण तो तिच्याकडे न बघता म्हणाला, आणि माझ्या कानाशी तिचं काळीज धडधडायला लागलं.

निलंग्याला घरी पोचलो. सासूने, गुणाबाईने, मला पाहिलं आणि कपाळावर आठ्या घातल्या. "सवाष्णीच्या अंगाला पांढरं फडकं? आधी झाका ते!" तिने खणाच्या हिरव्या कापडाचा अभ्रा शिवून मला घातला. टाके मात्र बारीक आणि सरळ होते. सुनेला ती स्वतः हाताने भरवायची, हेही सांगायला हवं. ती वाईट बाई नाही. घाबरलेली आहे.

कशाला घाबरलेली, ते मला लवकरच कळलं. गल्लीत आणि भावकीत सांगितलं होतं, आरतीची पिशवी काढली. आमच्याकडे एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. इतक्या बायकांची गर्भाची पिशवी इथे काढून टाकलीय, की ते दाढ काढल्यासारखं झालंय. एका आजारावर पांघरूण घालायला दुसरं ऑपरेशन इतकं सहज हाताशी सापडावं, याची मला चीड येते.

अडचण माझी होती. पिशवी काढलेल्या बाईच्या बगलेत उशी कशाला? म्हणून दारात चपला वाजल्या की गुणाबाई मला ओढून काढायची आणि गोधड्यांच्या चळतीत कोंबायची. पाहुणे चहा पिऊन जाईपर्यंत आरती हात अवघडून बसायची, हसायची. गोधड्यांतून मला तिचं हसणं ऐकू यायचं. त्यात दुखणं असायचं.

एका रविवारी नांदेडहून एसटीने समीक्षा आली. पायातल्या चपला काढता काढताच तिने विचारलं, "आरते, केमो कधीपासून?"

"कसली केमो?"

समीक्षाने श्रीमंतकडे पाहिलं.

"ताई, त्याचं काय हाय," श्रीमंत मान खाली घालून म्हणाला, "केस गेले की समद्यांना कळंल. आमच्या स्वप्नालीला बिलोलीचं स्थळ येऊन राहिलंय. उद्या म्हणतील, मायीला झालं, पोरीला बी होईल. गाठ तर काढली न्हवं?"

"वा दाजी! बैल आजारी पडला तर डॉक्टर काय म्हणला ते चावडीपर्यंत सांगता. बायकोचं मात्र तिलाच सांगत नाही?" समीक्षा कडाडली. "आरते, ऊठ. मी डॉक्टरांशी बोललेय. मंगळवारी सुरू करायचं."

आरतीने मला घट्ट दाबलं.

"तू बी तसलीच," ती म्हणाली.

"मी?"

"यांनी मला न सांगता 'न्हाई' ठरवलं. तू मला न इचारता 'व्हय' ठरवून आलीस. अंग माझं हाय ना समे?"

समीक्षा खाली बसली. तिने हळूच विचारलं, "तुला काय वाटून राहिलंय?"

"भेव वाटतं. औषध घेऊन बी परत आलं तर? पोरीचं बी मोडलं आन् मी बी गेले, असं झालं तर?"

मी तिरकी झाले होते, समीक्षाने मला सरळ केलं.

दोघी लातूरला गेल्या. या वेळी डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत आरती बसली. समीक्षाने मला मांडीवर घेतलं आणि पीठ मळावं तशी मळत राहिली.

"घेतली न्हाई तर काय होईल? मला समजंल असं सांगा," आरती म्हणाली.

"गाठ काढली आहे. पण आजार बगलेतल्या गाठींपर्यंत पोचला होता. गोळ्या काही वर्षं घ्याव्याच लागतील. केमो घेतली तर तो परत यायची शक्यता आणखी कमी होते."

"न्हाईशी होते का?"

"नाही. कमी होते."

"आन् तरास?"

"होतो. उलट्या, थकवा, केस जाणं. केस पुन्हा येतात. फार झालं तर औषध बदलता येतं, थांबवताही येतं. फक्त ठरवायला फार दिवस लावू नका."

परतताना एसटीत आरतीने विचारलं, "तू काय केलं असतंस?"

"मी घेतली असती. पण मला पोरगी नाही. आणि सोसायचं तुला आहे."



दुसऱ्या दिवशी शेजारच्या तुळजाबाई आल्या. चपला वाजताच गुणाबाईने मला गोधड्यांत कोंबलं.

"पिशवी काढली म्हणं. आता बरं हाय का गं?"

"आत्याबाई, उशी द्या," आरती म्हणाली.

"कंची उशी?" गुणाबाई डोळ्यांनी गप्प करत होती.

आरती उठली. उजव्या हाताने चळत विस्कटून तिने मला बाहेर काढलं आणि सगळ्यांदेखत बगलेत धरलं.

"पिशवी न्हाई काढली, मावशी. छाती काढली. कॅन्सर हाय. आता केमो घेणार हाय. केस जातील, म्हणून आधीच सांगते."

तुळजाबाईंच्या हातातली बशी तशीच राहिली. अर्धा चहा टाकून त्या गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. गुणाबाई त्या दिवशी सुनेशी बोलली नाही. पण स्वप्नाली मायीच्या मागे येऊन बसली आणि केसांना तेल लावत राहिली.

आता उपचार सुरू आहेत. गळालेले पहिले केस माझ्यावरच पडले. उलट्यांच्या दिवसांत आरती मला पोटाशी धरते. समीक्षा सुट्टी काढून येते, उशाशी बसते, आणि सल्ला देण्याआधी विचारते. बिलोलीहून निरोप आलेला नाही. आजार परत येईल का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही, मला कुठून येणार?

काल मात्र गुणाबाईने माझा अभ्रा उसवला. वाटलं, पुन्हा लपवणार. तिने तो धुतला, मलाही धुतलं, आणि मागच्या न्हाणीपाशी नाही, पुढच्या दारात तारेवर वाळत घातलं. येणारेजाणारे बघत होते. तीही दारातच उभी होती.

तुमच्या घरात अशी एखादी बाई असेल, तर डॉक्टरांसमोरची खुर्ची तिला द्या. तिच्या वतीने हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. आणि मला गोधड्यांत कोंबू नका. मला लपवलं, की तिचा हात दुखतो.