परत मागितलेला वाटा

सकाळी धडधाकट चरणारी नोर्जमाची मेंढी दुपारी पाय ताणून थरथरायला लागली. मेलेल्या जनावराचं मटण कुणी खात नाही. पण जीव जायच्या आत कापलं तर चालतं, अशी या कुरणावरची रीत. तिला शहाणपण म्हणा नाहीतर हावरटपणा. नोर्जमानं शेजारच्या तंबूतल्या गोंचिगला हाक मारली. मेंढी कापायला उभ्या खोऱ्यात त्याच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. मेंढीला उताणं धरायचं, छातीखाली लहानशी चीर द्यायची, हात आत घालून काळजाजवळची शीर बोटांनी तोडायची. रक्ताचा थेंब भुईवर पडता कामा नये. तसा तो पडलाही नाही. फक्त आतलं रक्त काळपट होतं आणि काही केल्या गोठत नव्हतं.

"उन्हाळ्यात असंच पातळ असतं," गोंचिग म्हणाला. नोर्जमाला ते खरं मानायचंच होतं, कारण तिला त्या मेंढीच्या छातीचा तुकडा हवा होता.

छातीचा तुकडा म्हणजे लेकीबहिणींचा मान. तिची थोरली बहीण यांजिन डोंगरापलीकडे राहायची. हिवाळ्यात गुरं कुठे बांधायची, त्या जागेवरून दोघींचं बिनसलं. आईच्या अखेरच्या दिवशीसुद्धा दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. आता दोघींचे केस पिकले, तरी आधी कोण बोलणार हा प्रश्न तसाच. नोर्जमानं तुकडा फडक्यात बांधला आणि त्या बाजूला निघालेल्या एका मोटरसायकलवाल्याच्या हाती दिला. मागोमाग स्वतः जायची मात्र छाती झाली नाही. निरोप येईल, मग जाऊ, असं म्हणत ती बसून राहिली. उरलेलं मटण तिनं आणि गोंचिगनं उकळून उकळून खाल्लं.

निरोप काही आला नाही. आठवडा होत आला तेव्हा गोंचिग चहाला आला. वाटी धरताना त्याची बाही वर सरकली.

"दादा, मनगटाला काय झालं?"

"डास चावला असेल."

"एवढा काळा? शाई पिऊन आला होता का डास?"

"दुखत नाही गं. जे दुखत नाही त्याची काळजी कशाला? बायको दुखते, तिची करतो."

नोर्जमानं त्याचा हात ओढून घेतला. मधोमध कोळशासारखी खपली, भोवती पाण्यानं भरलेले फोड, आणि हात पार कोपरापर्यंत सुजलेला. ते न गोठणारं रक्त तिला आठवलं. गोंचिग नको नको म्हणत असताना तिनं त्याला गाडीत कोंबलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टरीण वयानं त्यांच्या लेकीएवढी. तिनं फोडातलं पाणी काचेवर घेऊन रंगवलं, भिंगाखाली पाहिलं आणि नोर्जमालाही बघायला लावलं. जांभळ्या काड्यांच्या माळाच माळा.

"काळपुळी आहे, आजोबा. ही मेंढीकडून आली. हिचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं, गवताबरोबर जनावराच्या पोटात जातं. दुखत नाही म्हणून लोक घरी बसतात आणि मरतात. तुम्ही वेळेवर आलात." तिनं नोर्जमाचेही हात तपासले, दोघांना औषध सुरू केलं आणि मग विचारलं, "हे मटण आणखी कुणाकडे गेलं?"

दिलेला वाटा परत मागणं म्हणजे या मुलखात तोंडावर थुंकणं. इतक्या वर्षांनी पाठवलं ते हे पाठवलं, असं ताई म्हणणार. नंतर उभ्या जन्मात दार उघडणार नाही. पण तो तुकडा कापणारे हात ताईचे होते.

"माझ्या बहिणीकडे," ती म्हणाली. "मीच जाते. दुसऱ्या कुणाला ती आत घेणार नाही."

दवाखान्यातून निरोप गेला तशी गुरांच्या डॉक्टरांची जीप तिला घेऊन निघाली. यांजिन तंबूबाहेर शेळ्या पिळत होती. जीपमधून कोण उतरलं ते बघून तिचे हात थांबले.

"ताई, मटण खाल्लंस?"

"इतक्या वर्षांनी आलीस आणि पहिलं हे विचारतेस?"

"आधी हात दाखव."

उत्तराची वाट न बघता नोर्जमानं तिचे दोन्ही हात धरले, उलटेपालटे केले, बाह्या वर सारल्या. हात रापलेले, भेगाळलेले, पण स्वच्छ होते. तरी तिनं ते सोडले नाहीत.

"मेंढी आजारी होती, ताई. काळपुळी. मला कळलं नाही. कळलं असतं पण कळून घेतलं नाही. मटण परत न्यायला आलेय."

यांजिननं मानेनंच तंबूच्या सावलीकडे खूण केली. फडकं दोरीला टांगलेलं होतं, गाठीसकट.

"सोडलंच नाही मी ते. छातीचा मान एकटीनं खातात का? म्हटलं, वाटा आला तर मागून माणूस येईलच. रोज वाटेकडे बघायची. आता वास सुटला होता, उद्या फेकणार होते."

नोर्जमाला रडू आवरेना. गुरांच्या डॉक्टरांनी हातमोजे घालून ते फडकं उतरवलं, लांब नेलं आणि इंधन ओतून जाळलं. धूर विरेपर्यंत दोघी बहिणी वाऱ्याच्या उलट बाजूला उभ्या होत्या.

"आता काय वाढू तुला?" यांजिन कुरकुरली. "घरात नुसतं दही आहे."

"दही वाढ," नोर्जमा म्हणाली, आणि तिच्या मागोमाग आत गेली.